पट्टीच्या वर एक ठिपका

वसुलीवालीने लाकडी पट्टी पडद्याच्या काचेवर टेकवली, एक डोळा मिटला आणि मान तिरकी करून पाहिलं. आलेखावरचे जुने ठिपके शहाण्या मुलांसारखे पट्टीच्या कडेला ओळीने बसले होते. या महिन्याचा ठिपका मात्र पट्टीच्या वर, अधांतरी.

तिने ओढणीच्या टोकाने काच पुसली. ठिपका पुसला गेला नाही.

"वर गेला की काय?" मागून मोठ्या साहेबांचा आवाज आला. साहेब कोणाच्याही खुर्चीमागे पाऊल न वाजवता उभे राहू शकत. वाईट बातमी असली की हेच साहेब दोन-दोन दिवस सापडत नसत.

"गेलेला दिसतोय," ती म्हणाली.

"दिसतोय काय, गेलाच आहे. मागच्या महिन्यात कॅमेरा तापवला होता, त्याचा गुण आला."

"तापवल्याने डाग जातात साहेब. खाचा बुजत नाहीत."

"तुमचं आपलं नेहमीचं. पोरगं पहिलं आलं तरी तुम्ही आधी विचारणार, वर्गात मुलं होती किती?" साहेब हसले आणि हात मागे बांधून निघालेसुद्धा. आनंदाची बातमी वर पोचवण्यात त्यांचा हात धरणारं संस्थेत कोणी नव्हतं. दारातून त्यांनी वळून सांगितलं, "गुरुवारच्या बैठकीत हाच आलेख लावा. मोठा करून."

वसुलीवालीने पट्टी पुन्हा काचेला लावली.

अवकाशात फिरणाऱ्या एका जुन्या दुर्बिणीच्या कॅमेऱ्यावर तिची नेमणूक होती. कॅमेऱ्यात पडणारा प्रकाश इलेक्ट्रॉनांच्या रूपाने इवल्या इवल्या घरांत साठतो. चित्र वाचायचं म्हणजे तो साठा एका घरातून शेजारच्या घरात, तिथून पुढच्या घरात, असा हातोहात सरकवत कोपऱ्यातल्या मोजणीच्या दारापर्यंत आणायचा. विहिरीपासून हौदापर्यंत माणसं उभी करून घागरी पोचवाव्यात, तसं. कॅमेरा नवा होता तेव्हा थेंब सांडत नव्हता. पण वर्षानुवर्षं अवकाशातले वेगवान कण त्याच्यावर आपटत राहिले आणि ठिकठिकाणी खाचा पडल्या. या खाचा जाणाऱ्या घागरीतून चार थेंब काढून घेतात आणि मागून येणाऱ्या घागरीत सोडून देतात. म्हणजे चोरी नव्हे, नुसता उशीर. पण ज्याचं त्याला वेळेवर पोचलं नाही की हिशोबात ती चोरीच. तेजस्वी ताऱ्याला याचं काही वाटत नाही; भरल्या पोत्यातून मूठभर गेलं तर पोत्याला पत्ता लागत नाही. मंद ताऱ्याजवळ मुळात मूठच असते.

तर निघालं किती आणि पोचलं किती, हे तपासायचं तिचं काम. दर महिन्याला ती दुर्बिणीचे काही तास मागून घेई, एकाच तारकापुंजाचं चित्र दोनदा घेई, दुसऱ्या खेपेला दुर्बीण उलटी फिरवून. पहिल्यांदा दाराजवळ बसलेला तारा मग लांबच्या कोपऱ्यात जाऊन बसे. जवळून आलं किती, लांबून आलं किती, वजाबाकी केली की गळती कळे; गळती वाढली की आलेखावरचा ठिपका खाली. कागदोपत्री या कामाचं नाव 'भारवहन कार्यक्षमतेची देखरेख' असं श्वास पुरणार नाही इतकं लांब होतं. संस्थेत सगळे तिला वसुलीवाली म्हणत, आणि तिनेही ते नाव दारावर लावायचं तेवढं ठेवलं होतं.

पट्टी मात्र तिची नव्हती. ती वन्संनी दिलेली.

वन्सं म्हणजे तिची सख्खी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण, आणि याच संस्थेत वरच्या मजल्यावर बसून मंद दीर्घिका शोधणारी. संस्थेने नणंद-भावजयीला दोन वेगळे मजले दिले होते. ज्याने ही वाटणी केली त्याच्या घरातही दोघी असाव्यात. महिन्यापूर्वी वन्सं तासांच्या वाटपाच्या खोलीत, चार जणांदेखत, ही पट्टी तिच्यापुढे ठेवून म्हणाल्या होत्या, "घे. तुझी गळती दर महिन्याला तेवढीच वाढते. सरळ रेघेला दुर्बीण कशाला हवी? पट्टी लाव नि पुढे ओढ. तेवढ्या तासांत मला दोन दीर्घिका सापडतील."

चार जण हसले. त्यातल्या तिघांना ते पटलंही. देखरेखीचे तास बंद करून वन्संना द्यायचे का, हे गुरुवारी ठरायचं होतं.

आणि आता हा ठिपका. सरळ रेघ सोडून वर आलेला. ज्या दुखण्याला उतार पडू शकतो त्याच्या नाडीवरचा हात कोण काढील? तास वाचले होते. वन्संना त्यांची पट्टी साभार परत करता आली असती. काय म्हणून करायची, तेसुद्धा वसुलीवालीने एकदा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं.

मग तिने खुर्ची पुढे ओढली आणि चित्र उघडलं.

दारापासून सगळ्यात लांबचा, सगळ्यात मंद तारा शोधून तिने तो मोठा केला. अशा ताऱ्यामागे शेपूट असतं. ओल्या शाईवरून बोट फिरावं तसं पुसट, मागे राहिलेल्या थेंबांचं. या ताऱ्याला शेपूट नव्हतं. तिने शेजारचा पाहिला, त्याच्या खालचा पाहिला. सगळे कसे, पाहुणे यायच्या आधी तेल लावून, भांग पाडून बसवलेल्या पोरांसारखे नीटनेटके.

ती उठली आणि जिना उतरून कोठीवाल्यांकडे गेली.

कोठीवाले म्हणजे चित्रांच्या साठ्याचे रखवालदार. दुर्बिणीकडून आलेलं प्रत्येक चित्र आधी त्यांच्या यंत्रांत उतरे आणि मग ज्याचं त्याला मिळे. माणूस गोड. रोज सकाळी संस्थेतल्या झाडून सगळ्यांना उगवत्या सूर्याचं चित्र आणि एक सुविचार पाठवी.

"मला या वेळची चित्रं कच्ची दिलीत की धुतलेली?" तिने उभ्याउभ्याच विचारलं.

"धुतलेली! आता सगळ्यांना धुतलेलीच जातात." कोठीवाल्यांचा चेहरा फुलला. "मागे राहिलेले थेंब संगणक हिशोब करून ज्याचे त्याला परत करतो, तेच धुणं. आधी ज्याला हवं त्याने मागून घ्यायचं होतं. मी म्हटलं, शंभरातले नव्व्याण्णव मागतात, मग न मागताच देऊ. बाकीच्याला कच्ची हवी तर त्याने सांगावं."

"तो बाकीचा म्हणजे मी."

कोठीवाल्यांचा हात चहाच्या कपावर थांबला.

"मी गळती मोजते," ती सावकाश म्हणाली. "तुम्ही गळती बुजवून मला चित्र देताय. तापाची गोळी देऊन मग ताप बघायचा, आणि म्हणायचं, बरा झाला."

"अरे देवा. पण मी कळवलं होतं हो! सगळ्यांना कळवलं."

"कधी?"

"मागच्या महिन्यात. सकाळच्या संदेशात. सूर्याच्या खाली."

कोठीवाल्यांचे संदेश न उघडताच कचऱ्यात जावेत अशी सोय तिने दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने करून ठेवली होती. सूचना पाठवली त्या दिवशी कोठीवाल्यांनी तिच्याकडे पाहून मान डोलावली होती आणि ती 'छान होता सुविचार' म्हणाली होती.

"कच्ची द्या," ती म्हणाली. "आणि उद्यापासून सूर्य मला वेगळा पाठवा, कामाचं वेगळं."

कच्च्या चित्रांत शेपटं होती. सगळ्यांची, जिथल्या तिथे. तिने वजाबाकी पुन्हा केली आणि ठिपका खाली उतरला. पट्टी लावायची गरज नव्हती. तरी तिने लावली. जिथे पट्टी म्हणत होती तिथेच, केसाचाही फरक नाही.

वन्संचं खरं होतं. रेघ सरळ होती.

तिने पट्टी खणात टाकली. थोड्या वेळाने काढून पुन्हा टेबलावर ठेवली. साहेबांनी पहिला ठिपका एव्हाना वर कळवलाही असणार. कच्चं चित्र मागणारी अख्ख्या संस्थेत ती एकटी. कोठीवाले स्वतःची चूक वेशीवर टांगायला जाणार नव्हते. गप्प बसायचं तर त्यासाठी तिला काहीच करावं लागणार नव्हतं, हीच त्यातली मोठी सोय. नुसतं गुरुवारी आलेख मोठा करून लावायचा.

तिने दोन्ही ठिपके एकाच कागदावर छापले. एक लाल, एक काळा.

बुधवारी संध्याकाळी वन्सं आईला भेटायला आल्या. वसुलीवालीच्या सासूबाई त्यांची वाट बघत दाराशीच खुर्ची टाकून बसल्या होत्या. लेकीने या महिन्यात सतरा नव्या दीर्घिका शोधल्याचं त्यांनी जिन्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाला सांगून झालं होतं, आणि खालच्या मजल्यावरच्या बाईने "कुठे?" असं विचारल्यापासून तिच्याशी बोलणं सोडलं होतं.

"सतरा गं माझी बाय," सासूबाई लेकीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "आणि सगळ्यांना दिसतात, त्यातल्या नव्हेत. कोणालाही न दिसणाऱ्या."

"आई, मंद म्हणतात त्यांना."

"मंद कशाने? एकदा नजरेत भरू दे, मग बघ."

"ताईच्या नजरेतून काही सुटत नाही," नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि बहीण-बायकोच्या मध्ये तो नेहमी पेपर धरून बसे. "लहानपणी माझ्या दप्तरातून निम्म्या गोष्टी हिनेच शोधून काढल्या."

वन्सं स्वयंपाकघरात आल्या. फळीवर धुऊन पालथे घातलेले पेले होते. त्यांनी एक उचलला, उजेडात धरला, नळाखाली नेला आणि चांगला खळखळून धुतला. मग पाणी भरलं. गेली बावीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. पहिल्या वर्षी वसुलीवाली रडली होती. दुसऱ्या वर्षापासून तिने वन्सं येणार त्या दिवशी पेले धुवायचे सोडून दिले होते. आयते धुऊन मिळत. या खेपेचे मात्र सासूबाईंनीच लेक येणार म्हणून आधी धुऊन ठेवले होते.

आज ती फडकं हातात धरून नळाकडे बघत राहिली.

"वन्सं, तुमची चित्रं अजून तुम्हीच धुता?"

"म्हणजे काय? दुसऱ्याने धुतलेलं मी वापरत नाही. माझी रीत माझ्याजवळ आहे."

"या महिन्यातलीसुद्धा? त्या सतरांची?"

वन्संनी पेला खाली ठेवला. "हे बघ. घरात कामाचं नको, आणि उद्याच्या तासांचं तर मुळीच नको. नात्याने काही मागायचं असेल तर आत्ताच सांगते, मिळणार नाही."

"मी तास मागत नाहीये."

"मग गोडीगुलाबीने माझ्या कामात खोट काढतेयस. एकूण एकच."

"कच्ची एकदा उघडून—"

"आई, येते गं मी," वन्सं बाहेरच्या खोलीकडे वळून म्हणाल्या.

दार लागलं. नवऱ्याने पेपर खाली केला. "काय झालं?"

"काही नाही. पेला दोनदा धुतला."

"त्यात नवीन काय?"

"पेल्याचं काही बिघडत नाही," ती म्हणाली आणि फडकं पिळायला लागली. कोरडं होतं, तरी पिळलं.

एकदा धुतलं की मागे राहिलेले थेंब ज्याचे त्याला मिळतात. दुसऱ्यांदा धुतलं की नसलेले थेंबही परत केले जातात. अंधारातल्या नुसत्या खरखरीवर हिशोब चढत जातो आणि जिथे काहीच नाही तिथे एक मंद, नाजूक, कोणालाही न दिसलेली दीर्घिका उगवते. सतरांतल्या किती तशा, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. दोन आठवड्यांनी त्यांची जाहीर घोषणा होती.

गुरुवारी खोली भरलेली होती. साहेबांनी वरच्या कार्यालयातून दोन पाहुणेही आणून बसवले होते. वन्सं खिडकीशी, पेनाचं टोपण काढून तयार.

वसुलीवालीने कागद पडद्यावर लावला.

"हा लाल ठिपका मंगळवारचा. सुधारणा दाखवतो. हा चुकीचा आहे."

साहेबांनी पाहुण्यांकडे पाहून हसायला सुरुवात केली होती. ते हसू तसंच अर्ध्यावर राहिलं.

"मला धुतलेली चित्रं मिळाली आणि मी न तपासता मोजली. तशी सूचना निघाली होती, मी वाचली नाही. हा काळा ठिपका कच्च्या चित्रांवरचा." तिने पट्टी लावून दाखवली. "कॅमेरा सुधारलेला नाही. गळती पूर्वीसारखीच, पूर्वीच्याच गतीने वाढते आहे."

"म्हणजे सरळ रेघ," कोणीतरी म्हणालं.

"सरळ रेघ."

कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. वन्संनी पाहिलं, पण तो विजयाचा चेहरा नव्हता, हातात पत्ते नसताना समोरच्याने डाव टाकून दिला की होतो तसा गोंधळलेला होता.

"आणखी एक," वसुलीवाली म्हणाली. तिने नजर मुद्दाम साहेबांच्या टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीवर ठेवली. "गेल्या महिन्यापासून सगळ्यांनाच न मागता धुतलेली चित्रं जातात. जे कोणी आपली चित्रं स्वतः धुतात, त्यांची दोनदा धुतली गेली असतील. त्यांनी कच्ची मागवून पाहावीत. एवढंच."

खिडकीशी टोपण पेनावर बसल्याचा आवाज झाला.

बाकीचं पटकन उरकलं. रेघ सरळच असेल तर दर महिन्याला मोजण्यात अर्थ नाही, असं पाहुण्यांपैकी एक म्हणाले. साहेबांना आता कोणावर तरी चिडायचंच होतं. त्यांनी लगेच मान हलवली. देखरेखीचे तास बंद. ते मंद दीर्घिकांच्या कामाला. "मान्य?" साहेबांनी खिडकीकडे पाहिलं.

"मान्य," वन्सं म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता.

वसुलीवालीने पट्टी आणि कागद उचलला. जागेवर आली. लाल ठिपका आलेखातून काढून टाकला, काळा जागेवर बसवला आणि बाजूला टीप लिहिली: कच्च्यावरून मोजले. पुढचा ठिपका घ्यायचा नव्हता. पण मागचा तरी खरा राहिला पाहिजे. मग तिने जुने सगळे ठिपके काढले आणि एकेक करून तपासायला घेतले, कच्चेच आहेत ना. कोणी सांगितलं नव्हतं. तासही लागत नव्हते.

पाचव्या ठिपक्याशी असताना शेजारची खुर्ची सरकली.

वन्सं खालच्या मजल्यावर कधी आल्या नव्हत्या. त्यांनी खोलीभर एकदा पाहिलं, टेबलावरच्या पट्टीवर नजर गेली, तिथून काढली.

"कच्ची कशी मागवायची?"

"कोठीवाल्यांना सांगावं लागतं. मी मागवलीत." ती म्हणाली. "तुमचीपण मागवलीत. काल रात्रीच निरोप दिला. उघडली नाहीत."

"उघड."

"सगळी?"

"सगळी. आणि एकदाच धू. माझ्या रीतीने."

पहिली दीर्घिका राहिली. दुसरी राहिली, जरा पुसट होऊन. तिसऱ्या जागी काळोख होता. वन्संनी खुर्ची पुढे घेतली. चौथी नाही. पाचवी नाही. सहावीच्या जागी वन्संनी पडद्याला बोट लावलं, नखाने टकटक केलं, जसं काही आत कोणी असेल. वसुलीवाली पुढे जायची घाई करत नव्हती आणि थांबतही नव्हती. बाकीचे लोक जेवायला गेले, येऊन बसले. प्रत्येक खेपेला वन्सं "पुढची" म्हणत, आणि तो शब्द एकदाही हलका पडला नाही.

शेवटी पाच उरल्या.

"पाच," वन्सं म्हणाल्या.

"पक्क्या आहेत."

"ते मला कळतं." त्या मागे टेकल्या. "आईला काय सांगायचं?"

"पाच कोणालाही न दिसणाऱ्या."

वन्संच्या नाकातून एक आवाज आला. हसण्याच्या जवळचा होता.

"बैठकीत नाव घेतलं असतंस तर तास तुझे राहिले असते," त्या म्हणाल्या. "मी तुझ्या जागी असते तर घेतलं असतं."

"माहीत आहे."

"काल घरी हेच सांगत होतीस."

"हो."

वन्संनी पट्टी उचलली, तिच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि परत ठेवली, होती त्याच्याहून सरळ.

"त्या तुझ्या तारकापुंजाला किती वेळ लागतो?"

"तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच तर दरवेळी मोजून दाखवता."

"भांडताना ठाऊक होतं. आता नीट सांग. तास आता माझ्या नावावर आहेत, कुठे लावायचे ते मी ठरवणार."

वसुलीवालीने नवा कागद ओढला आणि सांगायला सुरुवात केली: दुर्बीण एकदा सुलट, एकदा उलट, मध्ये फिरवायला लागतो तो वेळ. ते ऐकताऐकताच वन्संनी टेबलावरचा पेला हाताशी घेतला. सकाळीच धुऊन पालथा घातलेला. त्यांनी तो सवयीने उजेडात धरला, खोलीच्या टोकाला असलेल्या नळाकडे एकदा पाहिलं.

मग बाटलीतलं पाणी त्यात ओतलं आणि तसंच पिऊन टाकलं.

"हं," त्या म्हणाल्या, "उलट फिरवल्यावर पुढे?"